जिना उतरताना दुखणारी वाटी

गुडघ्याची वाटी दुखते म्हणणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘चढताना चालतं हो, उतरताना जीव जातो.’ दुसरं, ‘बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत.’ ही दोन वाक्यं म्हणजे अर्धं निदान. उरलेलं अर्धं हाताने तपासून होतं. एमआरआयची घाई नको. काहीच न दुखणाऱ्यांच्या वाटीमागची कूर्चाही, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरणही, त्यात झिजलेली दिसू शकते, आणि मग माणूस रिपोर्टच्या कागदालाच लंगडायला लागतो.

‘ग्रीस संपलं’ हा शब्दप्रयोग आधी सोडून द्या. वाटीमागची कूर्चा शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी एक; काही ठिकाणी 5 मिलिमीटरपर्यंत. तिला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती सहजी भरून येत नाही. पण तिला मज्जातंतूही नाहीत, म्हणजे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी. यांच्यावर पेलवेल त्याहून जास्त भार आला की ती कुरकुरतात. कूर्चा पूर्ववत झाली नाही तरी दुखणं कमी होऊ शकतं, ते यामुळेच. नुसता कट्‌कट् आवाज येतो, दुखत नाही, सूज नाही? दुर्लक्ष करा.

आता भाराचं गणित. सपाटीवर चालताना वाटीवर साधारण शरीराच्या अर्ध्या वजनाइतका दाब येतो, जिन्यावर वजनाच्या तिपटीच्या आसपास, आणि खोल उकिडवं बसताना सात-आठ पटींपर्यंत. म्हणून महिना-दोन महिने कमोड वापरा, खाली मांडी घालून बसणं टाळा, ऑफिसात किंवा एसटीत दर अर्ध्या तासाने पाय सरळ करा. पाच किलो वजन उतरलं तर जिन्यावर वाटीचं ओझं पंधरा किलोंनी हलकं होतं. पूर्ण विश्रांती मात्र नको. मांडीचा पुढचा स्नायू सुकतो आणि मग पहिल्याच जिन्याला दुखणं परत.

मुख्य व्यायाम एकच नीट दाखवतो. 10 सेंटिमीटर उंचीचा भक्कम ठोकळा भिंतीजवळ ठेवा. पाट नको, कडेवर उभं राहिलं की उलटतो. दुखरा पाय ठोकळ्यावर, दुसरा पुढे हवेत. तीन सेकंद घेऊन गुडघा वाकवत पुढच्या पायाची टाच जमिनीला नुसती लावा, भार टाकू नका, आणि वर या. दहा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. समोर आरसा हवाच, कारण चूक इथेच होते: गुडघा आत, अंगठ्याकडे कलतो आणि दुसऱ्या बाजूची कंबर खाली जाते. मांडीचं हाड आत वळलं की वाटी बाहेरच्या कडेला घासते. दोष गुडघ्याचा नाही, कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कमजोर आहे. त्यासाठी कुशीवर झोपा, गुडघे वाकवून टाचा जुळवा आणि वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडा. पंधरा वेळा, दोन फेऱ्या. पाठ मागे लवंडली तर मेहनत फुकट.

ठोकळाही सोसत नसेल तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दहा सेकंद दाबून धरण्यापासून सुरुवात करा.

किती दुखलेलं चालेल? दहापैकी तीनपर्यंत, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं पाहिजे. नाही निवळलं तर ठोकळा निम्म्या उंचीचा घ्या, व्यायाम बंद करू नका. फरक सहा ते बारा आठवड्यांत कळतो. दोन आठवड्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारेच जास्त. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर मी पैसे घालवा म्हणणार नाही. गड उतरताना दोन काठ्या आणि छोटी पावलं, हे मात्र जरूर.

मार लागल्यावर काही तासांत गुडघा टम्म फुगला, वाकवलेला अडकून बसला, त्या पायावर वजन घेताना दगा देतो, किंवा तो लाल-गरम होऊन ताप आला, तर ठोकळा बाजूला ठेवा. अस्थिरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा.