वाईटपणा कोणी घ्यायचा?

(न्यूयॉर्क परिसरातल्या मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मघाशी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, हायड्रंटसमोरच्या पार्किंगवर एवढा वेळ काय बोलणार?" खरं सांगायचं तर पार्किंगवर मी थोडंच बोलणार आहे. बोलायचंय ते पाण्याबद्दल. आणि शेजाऱ्याला किंवा घरच्या पाहुण्याला एक वाक्य ऐकवायची वेळ आली की आपली दातखीळ का बसते, त्याबद्दल.

मी इमारतींमधल्या आग विझवण्याच्या पाइपलाइनचं डिझाइन करते. चोवीस वर्षं हेच काम. म्हणून आधी थोडं हायड्रंटविषयी, म्हणजे रस्त्याकडेच्या त्या लोखंडी नळाविषयी. जुने न्यूयॉर्ककर त्याला 'जॉनी पंप' म्हणतात, पण त्यात पंप वगैरे काही नसतो. शहराच्या जलवाहिनीला रस्त्यावर काढलेलं ते एक तोंड आहे, आणि या शहरात अशी एक लाखाहून जास्त तोंडं आहेत. हिवाळ्यात गोठू नये म्हणून वरच्या भागात पाणी ठेवलेलंच नसतं. झडप खाली, जमिनीत खोलवर असते. माथ्यावरचा पाच कोनांचा नट खास पान्याने फिरवला की ती उघडते आणि पाणी वर येतं.

आता बंबाचं गणित. बंबाच्या स्वतःच्या टाकीत ५०० गॅलन पाणी असतं, म्हणजे साधारण १,९०० लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण जवान जी पावणेदोन इंची होज घेऊन घरात शिरतात, ती मिनिटाला १८० गॅलनच्या आसपास पाणी ओतते. भागाकार करून बघा. पुरती तीन मिनिटंही भरत नाहीत. तेवढ्यात बंब हायड्रंटला जोडला गेला नाही, तर आत शिरलेली माणसं कोरडी होज हातात घेऊन जाळासमोर उभी राहतात.

आणि जोडायची ती नळी आपल्या बागेतल्या नळीसारखी नसते. ती जाड असते आणि दाबाने पाणी भरलं की ओंडक्यासारखी ताठ होते. तिला मोटारीला वळसा घालून न्यायला गेलं की ती मुरगळते आणि पाणी तिथंच अडतं. बंबाला हायड्रंटशेजारी नीट उभं राहायला मोकळी जागा लागते ती यासाठी. न्यूयॉर्कचा कायदा दोन्ही बाजूंना १५ फूट सोडायला सांगतो, नदीपलीकडे न्यू जर्सीत १० फूट. १५ फूट म्हणजे मध्यम आकाराच्या एका मोटारीची लांबी. एका गाडीएवढी जागा इकडे, एका गाडीएवढी तिकडे मोकळी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नियम मोडल्यास शहरात दंड ११५ डॉलर, आणि गाडी उचलून नेली तर त्याचा खर्च वेगळा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. बऱ्याच शहरांत हायड्रंटसमोरची पदपथाची कड लाल किंवा पिवळी रंगवतात. न्यूयॉर्कमध्ये सहसा रंगवत नाहीत. नव्याने आलेल्या माणसाला कळणार कसं? २०१४ साली बेन वेलिंग्टन या अभ्यासकाने शहराचीच उघड केलेली दंडाची आकडेवारी चाळली, तेव्हा लोअर ईस्ट साइडच्या फोर्साइथ स्ट्रीटवरच्या हायड्रंटपाशी वर्षाला हजारो डॉलरचे दंड होताना दिसले. हायड्रंट पदपथावर, मग सायकलींची पट्टी, आणि त्याच्यापलीकडे गाडी लावायची जागा रस्त्यावर चक्क रंगवून दिलेली! बोभाटा झाल्यावर शहराने ती जागा गाडी लावायची नाही अशी पुन्हा रंगवून घेतली. तेव्हा चुकलेला प्रत्येक जण बेपर्वा असतो असं मी मानत नाही. पण माझी गोष्ट तशी नव्हती. मला सगळं ठाऊक होतं.

क्वीन्समधल्या आमच्या रस्त्यावर घरं एकमेकांना चिकटून आहेत, दुमजली, विटांची. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी-गणपतीचे दिवस. घरात वीस-बावीस माणसं, आरती झालेली, पानं मांडलेली. बेल वाजली. दारात समोरच्या आजी, मूळच्या ग्रीसच्या, वय तेव्हाच सत्तरीपुढचं. म्हणाल्या, "तुमच्याकडच्या कुणाचीतरी गाडी पंपावर आहे." मी "हो हो, सांगते" म्हणून दार लावलं. मनात आलं, नेमकं आजच हिला हे सुचावं? तरी आत जाऊन मी त्या पाहुण्यांना सांगितलं. वयाने आणि मानाने मोठे गृहस्थ, हातात वरणभाताचा घास. म्हणाले, "जेवण झालं की निघतोच." आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "सावकाश होऊ द्या."

वीसेक मिनिटांनी आमच्यापासून चौथ्या घरात, मागच्या स्वयंपाकघरात आग लागली. आम्ही सगळे ओट्यावर आलो. बंब आला, आमच्या दारासमोर हळू झाला. ड्रायव्हरने आधी हायड्रंट बघितला, मग ती गाडी बघितली, आणि बंब पुढे कोपऱ्यावरच्या हायड्रंटकडे नेला. अशा गाडीच्या काचा फोडून त्यातून नळी काढल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. तसं काहीही झालं नाही. दोन जवान खांद्यावर होजच्या घड्या घेऊन आमच्यासमोरून उलटे पळत आले, एवढंच. एकाच्या बुटाखाली आमच्या दारातून वाऱ्याने गेलेली झेंडूची फुलं चिरडली, ते मला अजून दिसतं. पाणी सुरू व्हायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

माणसं सुखरूप बाहेर आली. स्वयंपाकघर आणि त्याच्यावरची एक खोली गेली. ती खोली त्या गाडीमुळे गेली असं मी म्हणणार नाही. माझ्या कामात पुराव्याशिवाय असं बोलत नाहीत. पण ती त्या गाडीमुळे गेली नाही, हेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पाहुण्यांनी ११५ डॉलर भरले. मी काहीच भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोदक घेऊन समोर गेले. माफी मागितली. आजींनी डबा घेतला, थोडा वेळ गप्प बसल्या, आणि म्हणाल्या, "मी पुन्हा एकदा बेल वाजवायला हवी होती. मला वाटलं, तुमच्याकडे पूजा आहे, कशाला."

हे 'कशाला' ऐकून मी हलले. कारण हा शब्द आपला आहे अशी माझी समजूत होती. कशाला बोला, कशाला वाईटपणा घ्या. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. तिथं नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली, आणि नंबर सोडून कोणी हंडा पुढे सरकवला तर पहिल्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून अशा गरजायच्या की खालच्या चौकात ऐकू जायचं. त्यांना कोणी वाईट म्हटलं नाही. उलट त्या होत्या म्हणून सगळ्यांच्या घरी पाणी भरलं जायचं. तिथून इथं आलेली मी, एका घासाच्या आडून दोन शब्द बोलू शकले नाही. तिथं पाणी आपलं आहे हे डोळ्यांना दिसत होतं. इथं ते जमिनीखाली आहे, आणि लागेपर्यंत कुणाचंच नाही.

शेजारी काय काय करतात, ते मी त्यानंतर बारकाईने बघत आले आहे. बहुतेक जण पडदा बाजूला करून बघतात आणि पडदा सोडतात. काही जण वायपरखाली चिठ्ठी लावतात, आणि तिच्यात इतका राग ओततात की वाचणारा गाडी हलवण्याऐवजी लिहिणाऱ्याला शोधत फिरतो. काही जण शहराच्या ३११ या तक्रार क्रमांकावर तक्रार करतात. तिथं अडवलेल्या हायड्रंटसाठी वेगळा पर्याय आहे, आणि ओळखीचं कोणी नसेल, रात्र असेल, तर तेच करावं. आपल्यात याला चुगली म्हणतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. चुगली माणसाची होते. इथं आपण पाण्याची वाट मोकळी करून मागतोय. पण गाडी कुणाची ते माहीत असेल तर आधी दार वाजवावं, हे माझं ठाम मत आहे. पोलीस येईपर्यंत जो वेळ जातो, तो दार वाजवल्याने वाचतो.

"मी गाडीतच बसलोय ना" हे उत्तर हमखास मिळतं. न्यूयॉर्क शहरात याला थोडी मुभा आहे, तेवढी नीट ऐका. सूर्योदय ते सूर्यास्त, खासगी मोटार, चालक स्वतः आपल्या सीटवर, आणि बंबाची चाहूल लागताच गाडी सुरू करून बाजूला घेण्याच्या तयारीत. शेजारच्या सीटवर सासूबाई बसल्या आहेत, हे चालत नाही. दिवे लागल्यावर तर काहीच चालत नाही. आमच्या जेवणाची वेळ दिवेलागणीनंतरचीच होती.

भारतातून आईबाबांना घेऊन येणाऱ्यांना एक सांगते. हे अमेरिकेचं खूळ आहे असं त्यांना वाटतं. आपल्याकडच्या १९८९ च्या रस्त्यांच्या नियमांतही हायड्रंट अडेल अशी गाडी लावू नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि माझ्या आईच्या सोसायटीत दर मजल्यावर लाल पाइप आणि होजची पेटी आहे. गेल्या खेपेस मी ती पेटी उघडली, तर आत केरसुणी आणि फिनेलची बाटली. मी आईच्याच दारातून शेजाऱ्यांना हाका मारल्या, आणि तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी झाली. आईला दोन दिवस माझा राग आला होता.

समोरच्या आजी गेल्या वर्षी मुलाकडे राहायला गेल्या. त्याआधीच्या हिवाळ्यांत बर्फ थांबला की आम्ही दोघी बाहेर पडायचो. बर्फ लोटणाऱ्या गाडीने रस्त्यावरचा सगळा ढीग नेमका हायड्रंटवर लोटलेला असायचा. त्या चहूबाजूंनी उकरायच्या, मी रस्त्याच्या बाजूने वाट काढायचे. जाताना त्यांनी त्यांचं फावडं माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. बोलल्या काही नाहीत.

त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहायला आलंय, तान्ह्या बाळासह. परवाच्या रविवारी पाहिलं, त्यांची गाडी हायड्रंटला लागून उभी होती, मागचा दरवाजा उघडा, डायपरची खोकी निम्मी उतरवलेली. मी रस्ता ओलांडला आणि बेल वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. तो बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आला, चेहऱ्यावर झोप. मी म्हटलं, "बाळ माझ्याकडे द्या, मी धरते. गाडी तेवढी पुढे घ्या."