फुली जागेवर परत येते का?

(पडदा काळा. फक्त आवाज: टिक्... टिक्... टिक्...)

हा आवाज रायफलच्या दुर्बिणीचा आहे. दुर्बिणीच्या पाठीवर एक नॉब असतो. तो एक घर फिरवला की टिक् होतं आणि आत दिसणारी फुली केसभर सरकते. किती सरकते, ते नॉबवर छापलेलं असतं. छापलंय तेवढीच सरकते का, आणि नॉब उलटा फिरवला की होती त्याच जागी येते का, हे कुठंच छापलेलं नसतं. दुर्बीण भरवशाची आहे की नाही, ते मात्र इथंच ठरतं.

(उजेड होतो. कौलारू घराची पडवी. लाकडी बाकावर दोन दुर्बिणी, मिस्त्रीची लोखंडी पट्टी, ॲलन चाव्यांचा जुडगा.)

हे सातारा तालुक्यातलं अपशिंगे. लोक म्हणतात, अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान धारातीर्थी पडले. त्यांचं स्मारक गावात आहे आणि आजही इथं फौजेशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं.

पडवीत बसलेत ते निवृत्त सुभेदार. नाव सांगू नका म्हणाले, म्हणून गाव हाक मारतं तसं आपणही आबाच म्हणू. नोकरीतली बरीच वर्षं त्यांच्या खांद्याला ड्रॅगुनोव्ह होती. लांबचा नेम धरणाऱ्या जवानाची रायफल. तिच्यावर पीएसओ-१ नावाची रशियन बनावटीची दुर्बीण बसते. चार पटीची, म्हणजे लांबचं चार पट मोठं दाखवणारी. समोरची काच २४ मिलिमीटरची.

चार पट. हा आकडा लक्षात असू द्या. साताऱ्यात काय, सांगलीत काय, एअर रायफलला दुर्बीण घ्यायला गेलेला गडी पहिला प्रश्न विचारतो, ‘किती पटीची आहे?’ मीही तेच विचारलं होतं. आबांकडे आणली ती माझी मोठी दुर्बीण. सहा ते चोवीस पट, समोर ५० मिलिमीटरची काच, काळीभोर, वजनदार.

आबांनी ती हातात घेतली. डोळ्याला लावलीच नाही. कानाला लावली आणि नॉब फिरवायला लागले.

‘आबा, आतून बघा तरी.’

‘बघायचं नंतर. आधी ऐकू दे की.’

(क्लोजअप: आबांचा अंगठा आणि नॉब.)

प्रत्येक टिक् सारख्याच जोराची हवी. मधेच एक घर गुळगुळीत गेलं, दोन टिका एकदम झाल्या, नॉब दोन्ही बाजूंना हलला, तर दुकानातच खाली ठेवायची. पण टिका सुरेख वाजल्या म्हणजे काम झालं असंही नाही, कारण खरा खेळ पोटात आहे.

दुर्बिणीच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. तिच्यावर वरून एक स्क्रू टेकलेला असतो, बाजूनं एक. वरचा फिरवला की नेम वर-खाली होतो, बाजूचा फिरवला की डावी-उजवीकडे. समोरून एक स्प्रिंग त्या नळीला दोन्ही स्क्रूंवर दाबून धरते. स्क्रू आत गेला की तो नळीला ढकलतो, त्यात अडचण नाही. स्क्रू मागं घेतला की नळीला त्याच्या मागोमाग आणायचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंग मऊ पडली, की स्क्रू मागं येतो आणि नळी जागच्या जागी अडकून राहते. पुढचा छर्रा सुटतो, धक्का बसतो, तेव्हा कुठं ती खाली येते. मग माणूस डोक्याला हात लावतो. कधी नेमावर दोष, कधी छर्‍यांवर, कधी वाऱ्यावर.

म्हणून आधी छर्रा न उडवता तपासायचं. म्हणजे आपल्या हाताची चूक त्यात मिसळत नाही.

(अंगण. एका टोकाला लोखंडी व्हाइसमध्ये दुर्बीण. समोर भिंतीला उभी पट्टी.)

इथून भिंत बरोबर २५ मीटर. आम्ही टेपनं मोजली, आणि आबांनी ती पुन्हा मोजायला लावली. दुर्बीण व्हाइसमध्ये घट्ट बसवली, ओरखडा नको म्हणून जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे घातला. नॉबवर लिहिलंय, एका टिकेला पाव एमओए. एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो साधारण २९ मिलिमीटर भरतो. पावाचे झाले सातहून थोडे जास्त. अंतर चौथाई, म्हणजे २५ मीटरवर एका टिकेला पावणेदोन मिलिमीटरांहून थोडं जास्त. चाळीस टिका दिल्या तर फुली पट्टीवर ७३ मिलिमीटर सरकायला हवी.

मी फुली पट्टीच्या शून्यावर आणली. आबांनी चाळीस टिका मोजल्या, मोठ्यानं.

सहासष्ट.

चाळीस टिका उलट्या. फुली शून्यावर यायला हवी. ती पाच मिलिमीटर अलीकडेच थांबली. आबांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या लाकडी मुठीनं नॉबवर हलकेच टकटक केलं. माझा डोळा दुर्बिणीलाच होता. फुली माझ्यासमोर सरकन घसरली आणि शून्यावर जाऊन बसली.

दोन वर्षं मी माझ्या श्वासाला दोष देत होतो.

(शांतता. भिंतीवरची पट्टी.)

दुसरी दुर्बीण आबांच्या नातवाची. चार पटीची, ३२ मिलिमीटर काच, कडांचा रंग उडालेला. चार पटीत पट्टीवरचे मिलिमीटर दिसत नाहीत, म्हणून कागदावर जाड पेनानं रेघा ओढल्या. चाळीस टिका वर, ७३ च्या रेघेवर. चाळीस खाली, शून्यावर. आबांनी टकटक केलं. फुली हलली नाही. पुन्हा केलं. नाही हलली.

लगेच कुणी चार पटीची आणायला धावू नये. चार पटीच्याही टाकाऊ दुर्बिणी ढिगानं मिळतात, आणि चोवीस पटीच्या उत्तम असतात. सांगायचंय ते एवढंच, की पट हा भरवशाचा पुरावा नाही. उलट पट वाढते तसा उजेड कमी होतो. समोरच्या काचेच्या मिलिमीटरना पटीनं भागा. ३२ ला चारानं भागलं की आठ. डोळ्यापाशी येणारा उजेडाचा गोल आठ मिलिमीटरचा. ५० ला चोवीसनं भागलं की जेमतेम दोन. संध्याकाळी आपल्या डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते. तिला दोन मिलिमीटरचा उजेड दिला तर चित्र काळवंडणारच. शिवाय पट जेवढी जास्त, तेवढं आपल्या हाताचं थरथरणंही मोठं दिसतं.

(एअर रायफल. नळी मोडून छर्रा भरणारा तरुण हात.)

आता रायफलबद्दल. ही ४.५ मिलिमीटरची, स्प्रिंगची एअर रायफल आहे आणि आम्ही कागदावरच मारतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. होल्यावर, पोपटावर छर्रा झाडणाऱ्यानं ही फिल्म इथंच बंद केली तरी चालेल.

स्प्रिंगची एअर रायफल दिसायला गरीब, पण दुर्बिणीचा काळ. काडतुसाची रायफल एकदाच मागं धक्का देते. हिच्यात आधी दट्ट्या पुढं सुटतो, तेव्हा रायफल मागं येते. मग तो दाबलेल्या हवेवर जाऊन आदळतो आणि रायफल पुढं झटका खाते. मागं आणि पुढं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. फक्त मागचा धक्का सोसायला बांधलेली दुर्बीण या पुढच्या झटक्यानं खिळखिळी होते. काच सैल पडते, फुलीची तार तुटते. म्हणून दुकानात स्पष्ट विचारायचं, ‘स्प्रिंगच्या एअर रायफलला चालेल का? बिलावर लिहून द्याल का?’ लिहून देणारा दुकानदार जपून ठेवावा.

दुसरं, अंतर. बऱ्याच दुर्बिणी १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात. आपण मारतो दहा-पंचवीस मीटरवर. मग डोळा जरा इकडं-तिकडं झाला की फुली लक्ष्यावरून सरकताना दिसते. रायफल जागेवर, फुली मात्र फिरतेय. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. दहा मीटरवर यानं नेम सेंटिमीटरभर चुकू शकतो. ज्या दुर्बिणीला दहा मीटरपर्यंत जुळवायची कडी आहे तीच घ्यावी. तपासायला अवघड नाही. रायफल उशीवर टेकवा, हात काढा, डोळाच तेवढा हळूहळू हलवा.

ऑलिंपिकमध्ये रायफलला दुर्बीण चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्यपदक आणलं, ते बारीक भोकाच्या साध्या साइटमधून बघून. ज्यांना स्पर्धेत उतरायचंय त्यांनी दुर्बिणीच्या नादी न लागता त्या साइटवरच हात बसवावा, असं माझं मत आहे.

(पाऊस. मेढ्याकडं जाणारा रस्ता, वायपर.)

सातारा जिल्ह्यात दुर्बिणीची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. एका टोकाला माण-खटावचा कोरडा माळ, दुसऱ्या टोकाला महाबळेश्वर, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मधल्या मेढ्याला मित्राच्या गोठ्यामागं आमची कागद लावायची जागा. माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर ठळक लिहिलं होतं, नायट्रोजन भरलेली. जुलैत मेढ्याला तिच्यात धुकं धरलं. रुमालानं पुसलं, गेलं नाही. शर्टानं पुसलं, गेलं नाही. मग लक्षात आलं, धुकं आतल्या बाजूला आहे.

बाहेरून धरलेलं धुकं पुसता येतं, आतलं नाही. नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरतात तो यासाठीच. ओल नसली तर गारठ्यातही काचेला आतून दव धरत नाही. पण तो गॅस आत राहतो रबराच्या बारीक कड्यांच्या जिवावर. कडी चिरली की गॅस गेला, मेढ्याची हवा आत. मी दुर्बीण परत घेऊन गेलो, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘पावसात वापरायची कशाला?’ आमच्याकडं चार महिने पाऊस असतो. त्या दुर्बिणीचे पैसे गेलेच.

आता मी नवी दुर्बीण घेतली, आणि कंपनी वॉटरप्रूफ म्हणत असेल, तर परत करायची मुदत असतानाच तपासतो. नॉबची झाकणं घट्ट लावायची आणि बादलीत कोमट पाण्यात दुर्बीण बुडवायची. कोमट, कढत नव्हे. आतली हवा तापून फुगते. सुरुवातीला बाहेरच्या खाचांतले दोन-चार बुडबुडे येतात, त्याला घाबरायचं नाही. पण एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ लागली, तर तिथं गळती आहे.

(बादली. पाण्याखालची दुर्बीण. एकही बुडबुडा नाही.)

आणि माउंट. दुर्बिणीला हजारो मोजणारा माणूस तिला धरणाऱ्या रिंगा मात्र सगळ्यात स्वस्तातल्या घेतो. बऱ्याचशा एअर रायफलींवर ११ मिलिमीटरची खाच असते. त्या मापाचंच माउंट हवं, आणि झटक्यानं ते मागं सरकू नये म्हणून अडकणारी खुंटी हवी. रिंगांचे स्क्रू तिरपे समोरासमोरचे घेत, थोडे थोडे आवळायचे. लांब चावी घेऊन पिळलं की नळी चेपते आणि आतल्या नळीची वाट अडते. चांगली दुर्बीण अशी घरातच मारली जाते.

(पुन्हा अंगण. २५ मीटरवर कोरा कागद, मधोमध ठिपका.)

शेवटची परीक्षा छर्‍यांची. नातवानं चार पटीची दुर्बीण रायफलवर चढवली. खालच्या डाव्या कोपऱ्यात पडावेत असे नॉब फिरवून आधी तीन छर्रे. चाळीस टिका वर, तीन छर्रे. चाळीस उजवीकडं, तीन. चाळीस खाली, तीन. चाळीस डावीकडं, आणि पुन्हा तीन. नेम प्रत्येक वेळी त्या एकाच ठिपक्यावर. कागदावर चौकोन उमटायला हवा आणि शेवटचे तीन पहिल्या तिघांच्या घोळक्यात पडायला हवेत.

(मोटारसायकल. पाठीवर रायफलची पिशवी. यवतेश्वरचा घाट.)

ते पडले. पण आबांचं समाधान झालं नाही. नातवाला म्हणाले, ‘बॅगेत घाल. घाटातनं कासच्या फाट्यापर्यंत जाऊन ये. नॉबला हात लावू नको.’

दोन तासांनी तो चिखलानं माखून परत आला. पिशवी उघडली, रायफल उशीवर टेकवली, ठिपक्यावर नेम धरला. एकच छर्रा.

(कागद, अगदी जवळून. खालचा डावा कोपरा.)

खालच्या डाव्या घोळक्यात सहा भोकं होती. आता सात आहेत.

आबांनी कागद काढला, मागं पेन्सिलीनं तारीख टाकली आणि पडवीतल्या खिळ्याला अडकवला. त्या खिळ्याला असे कागद आधीपासून आहेत, खालचे पिवळे पडलेत. दर पावसाळ्याच्या आधी एक, नंतर एक. मी माझी मोठी दुर्बीण पिशवीत घालायला लागलो, तर म्हणाले, ‘ठेव इथं. उद्या परत मोजू. सहासष्टच येतात का बघू.’