रेट वाढला तर पोरांनी तास कमी केले! जर्मनीतल्या मिनीजॉबचं गणित

सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरणारा एक जर्मन स्टुडंट घ्या. महिना संपत आलाय, मॅनेजर विचारतो शनिवारी येतोस का, आणि हा मोबाईलवर आपले तास मोजतो आणि सरळ नाही म्हणतो. आळशी नाहीये हो तो, हिशोबाला पक्का आहे.

बघा, तिकडे मिनीजॉब असतो, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंतच कमवायची छोटी पार्टटाइम नोकरी, 2026 मध्ये त्याची कमाईची लिमिट महिना 603 युरो. पंचविशीच्या आतली बरीच पोरं आईवडिलांच्या सरकारी हेल्थ इन्शुरन्सवर फुकटात असतात. आता समजा यानं दर महिन्याला 680 कमवायला सुरुवात केली, 77 युरो जास्त, तर त्या फॅमिली इन्शुरन्समधून तो बाहेर, स्वतःचा स्टुडंट इन्शुरन्स काढा, म्हणजे गेले महिन्याला साधारण 140-150, वर पेन्शनचं कटिंग वेगळंच. काम जास्त करून हातात सत्तरेक युरो कमी! कोण येईल शनिवारी?

आणि खरी गंमत जुन्या नियमात होती. 2013 पासून ही लिमिट 450 वर जी अडकली ती सप्टेंबर 2022 पर्यंत. 2015 ला किमान वेतन आलं, ताशी 8.50, तेव्हा 450 मध्ये महिन्याला जवळपास 53 तास बसायचे. जुलै 2022 मध्ये रेट झाला 10.45, मग बसायला लागले 43च. म्हणजे पगारवाढ दिली आणि दुकानाचे दहा तास गेले! शेवटी ऑक्टोबर 2022 पासून लिमिट किमान वेतनालाच बांधली, आठवड्याला 10 तासांच्या हिशोबानं. तरी एखाद्यानं 16 युरो रेट दिला की 603 चा कोटा 38 तासांच्या आतच संपतो.

आपल्या पुण्या-नाशिकहून गेलेल्या पोरांचं मात्र वेगळं आहे. इन्शुरन्स पहिल्यापासून स्वतःच्याच खिशातून, त्यामुळे 603 ची तेवढी भीती नाही. त्यांना अडवतात ते तास: वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस, आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास. सुट्टीत ते सैल होतं म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरला फुल टाइम गोडाऊनमध्ये. बाकी वर्षभर 13.90 च्या किमान रेटनं 20 तास म्हणजे महिना 1,200 च्या आसपास, कटिंगच्या आधी, आणि इकडे लोनचं व्याज चालूच. तास वाढवता येत नाहीत, उरतो फक्त रेट, म्हणून तर शेल्फ भरणारी पोरं रात्री बसून जर्मन घोकतात, ऑफिसातला जास्त रेटचा वर्कस्टुडंट जॉब, म्हणजे शिकता शिकता करायची पार्टटाइम नोकरी, मिळावा म्हणून.