आधी पाणी ओळखा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नुकतंच मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, नाहीतर तशीच मागे ओढायची कॅरॅव्हॅन घेतली आहे आणि पहिल्या सहलीचा बेतही ठरून गेला असेल. तो बेत एक आठवडा पुढे ढकला. पहिली रात्र आपल्याच दारात काढा. बाहेरून घेतलेली वीज आणि पाण्याचा पाइप काढून ठेवा, स्वयंपाक आत करा, अंघोळ आत करा, झोपाही आतच. काही बिघडलं तर घर दहा पावलांवर आहे. शेजारी हसतील, हसू द्या.

त्या रात्री एक आवाज ऐकायचा आहे. आतला छोटा पंप नळ उघडला की चालू होतो आणि बंद केला, की पाइपात दाब भरून थांबतो. सगळे झोपलेत, नळ कुणी उघडलेला नाही आणि तरी दर वीसेक मिनिटांनी पंप दोन सेकंद घुरघुरून गप्प होतोय? मग कुठेतरी थेंब गळतोय. उठा, टॉर्च घ्या आणि सिंकखालच्या, हीटरमागच्या जोडांवरून कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तो जोड तुमचा.

मला विचाराल तर ह्या गाडीची निम्मी दुखणी पाण्याची असतात. इंजिनाचं दुखणं मेकॅनिकला कळतं. पाण्याचं तुम्हालाच कळावं लागतं.

पहिलं दुखणं वजनाचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकीत शंभर लिटर भरलंत, की क्विंटलभर वजन चढलं. गाडीच्या पाटीवर कमाल वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं, की वाटतं, भरपूर जागा आहे! पण नंतर बाहेर बसवलेला सावलीचा पडदा, दुसरी बॅटरी, सायकलींचा स्टँड हे बहुधा त्या रिकाम्या वजनात धरलेलं नसतं. म्हणून माणसं, सामान, पाणी, गॅस सगळं भरून एकदा वजनकाट्यावर जा आणि पुढच्या-मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं घ्या. टाकी मागच्या चाकांच्याही मागे असेल, तर ती तरफेसारखं काम करते: मागे भार वाढतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटायला लागतं. ओढायच्या गाडीत मागे जास्त भार गेला, तर ती शेपटीसारखी डोलते. तेव्हा जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसपास ठेवा. जिथे जाणार तिथे पाणी मिळणार असेल, तर टाकी भरून नेऊ नका.

वजनावरून टायर आठवले. ह्या गाड्या फिरतात कमी, उभ्या जास्त. त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या कडेवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसली तरी तारीख बघा.

दुसरं दुखणं छपरावरून येतं. गाडी चालते तेव्हा आख्खं घर हादरत असतं, त्यात खिडक्यांभोवतीचं, छतावरच्या झडपांभोवतीचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, उन्हाने तडकतं. वर्षातून दोनदा शिडी लावून बघा. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर खरेदीआधीच वरच्या कपाटांच्या आत, अगदी कोपऱ्यात, अंगठा दाबून बघायचा. माझ्या पहिल्या गाडीत तो ओल्या पुठ्ठ्यात रुतावा तसा रुतला होता. बाहेरून गाडी नवरीसारखी सजलेली, आत लाकडाचा सांगाडा कुजलेला. गाडीत शिरल्यावर अगरबत्तीचा किंवा अत्तराचा वास आला, तर मी आता आधी कोपरे हुंगतो.

आता जे विचारायला सगळे लाजतात ते. संडासाची टाकी. कॅरॅव्हॅन तळावर मैलापाण्याची जोडणी असली, की नवखी माणसं टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतात, आपोआप वाहत राहील म्हणून. वाहतं फक्त पाणी. बाकीचं मागे राहतं, वाळतं आणि त्याचा ढीग होतो. तो फोडण्याची हकिगत मी इथे सांगणार नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवा, पाणी सढळ हाताने ओता आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडा. आधी ही टाकी, मग सिंक-अंघोळीची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे हवेतच आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, वेगळ्या कप्प्यात.

हीटरबद्दल एकच. टाकीत पाणी आहे, गरम नळाला धार येते आहे, हे बघितल्याशिवाय विजेचं बटण दाबू नका. मी दाबलं होतं. कॉइल काही मिनिटांत गेली. आणि थंडीत गाडी उभी करून ठेवणार असाल, तर हीटर, पंप, शॉवर सगळं रिकामं करा, नळ उघडे सोडा. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप तेवढा फुगत नाही.

वीज आणि गॅस थोडक्यात. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका, लवकर मरते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तोही हवाच. आणि गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पुलाखाली आठवत बसायला वेळ नसतो.

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची: पायरी आत, पडदा गुंडाळलेला, छतावरच्या झडपा बंद, गॅस बंद, केबल काढलेली, पाइप काढलेला. एकदा माझी फेरी अर्धी झाली असताना फोन वाजला. बोलत बोलत बसलो, गाडी सुरू केली, आणि आरशात तळावरचा नळ वाकून कारंजं उडताना दिसलं. तेव्हापासून फेरीत कुणी हाक मारली, तर मी पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात करतो.