रोझेशिया असताना चेहऱ्याला काय लावायचं

नमस्कार, श्रोतेहो. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, आणि आज मला रोझेशिया हा चेहऱ्याच्या त्वचेचा आजार असलेल्या मंडळींशी बोलायचं आहे. ज्यांना तो आहे पण अजून कळलेलं नाही, त्यांच्याशी तर जरा जास्तच.

आधी ओळख पटवून घेऊ. दोन्ही गाल, नाक, कपाळाचा मधला भाग आणि हनुवटी एवढ्या पट्ट्यात चेहरा वरचेवर तापतो, लाल होतो आणि थोड्या वेळानं निवतो. पुढे पुढे ती लाली निवेनाशीच होते. मग बारीक पुळ्या येतात, काहींत पूही असतो, कधी नाकाच्या कडेला तांबड्या शिरांची जाळी दिसायला लागते. साधारण तिशीनंतर हे सुरू होतं. पुळ्या दिसल्या की लोक मुरुमं समजून मुरुमांची औषधं लावतात. पण मुरुमांत ब्लॅकहेड्स असतात, नुसत्या रोझेशियात ते नसतात. सावळ्या त्वचेवर तर लाली सहज नजरेत भरत नाही. तिथे माणूस सांगतो ते एवढंच, की चेहरा गरम होतो, चुरचुरतो, काहीही लावलं तरी झोंबतं, आणि रंग काळवंडल्यासारखा वाटतो. म्हणून निदानाला उशीर होतो. जगभरातल्या अभ्यासांचा एक आढावा 2018 साली प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्या माणसांमधलं रोझेशियाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे तुम्ही एकटे नाही.

आणखी एक, हे मी मुद्दाम सावकाश सांगते. रोझेशिया संसर्गजन्य नाही. तो अस्वच्छतेमुळे होत नाही. चेहरा घासून घासून धुतल्यानं तो बरा होत नाही, उलट भडकतो. माझ्याकडे येणारे कितीतरी जण दिवसातून चार-चारदा साबणानं चेहरा धुऊन आलेले असतात. आपलंच काहीतरी चुकतंय या समजुतीनं ते स्वतःच्या चेहऱ्याला शिक्षा करत असतात, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

आता मूळ प्रश्न. या त्वचेला सगळंच का झोंबतं? त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे पेशींच्या विटा आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला स्निग्ध पदार्थांचा गिलावा. रोझेशियात हे सांधे ठिसूळ असतात. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं जे काही असेल ते आत शिरतं. आतमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणा आधीच चढ्या स्वरात असते आणि रक्तवाहिन्या जरा निमित्त मिळालं की फुलतात. त्यात भर मज्जातंतूंची. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही 1 नावाचा एक ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, असतो. उष्णता ओळखणारा तोच आणि मिरचीचा तिखटपणा ओळखणाराही तोच. हा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हा ग्राही एरवी 42 अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होतो. अल्कोहोल लागलं की तो 34 अंशांच्या आसपासच जागा होतो, म्हणजे आपल्या शरीराची स्वतःची ऊब त्याला पुरते. आफ्टरशेव्ह किंवा टोनर लावल्यावर जी आग होते, तिचं कारण हे आहे.

म्हणूनच एक समजूत मला आज तुमच्या मनातून काढून टाकायची आहे. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. रोझेशियाच्या त्वचेला हे अजिबात लागू नाही. क्रीम, फेसवॉश, सनस्क्रीन यांनी आग होत असेल, तर ती वस्तू कितीही नावाजलेली असो, कितीही महाग असो, तुमच्यासाठी नाही. तुमचा चेहरा खरं सांगतोय. त्याच्यावर विश्वास ठेवा.

आता शक्य असेल तर तुमची रोजची क्रीमची बाटली हातात घ्या आणि मागची बाजू बघा. पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत असतं, सौम्य, हायपोॲलर्जेनिक, डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड, त्यावर फार भिस्त ठेवू नका. हायपोॲलर्जेनिक म्हणजे नेमकं काय, याचं बंधनकारक मोजमाप अमेरिकेच्या एफडीएसारख्या, औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनंही ठरवून दिलेलं नाही. मागची बारीक अक्षरांतली यादी मात्र कामाची असते. ज्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, तो घटक पहिला, आणि मग उतरत्या क्रमानं बाकीचे. एक टक्क्याच्या आतले घटक शेवटी कोणत्याही क्रमानं लिहिता येतात.

समजा यादी अशी आहे: ॲक्वा, ग्लिसरीन, सेटेअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, सेरामाइड एनपी, फिनॉक्सीइथेनॉल, पर्फ्यूम, लिनॅलूल, लिमोनीन. पाणी आणि ग्लिसरीन, छान. सेटेअरिल अल्कोहोल बघून दचकू नका, तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. सेटिल आणि स्टिअरिल अल्कोहोलही त्यातलेच, बहुतेकांना ते चालतात. टाळायचं आहे ते उडून जाणारं अल्कोहोल. यादीत ते अल्कोहोल डिनॅट, एसडी अल्कोहोल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल या नावानं येतं. पुढे डायमेथिकोन आणि सेरामाइड, दोन्ही उत्तम. फिनॉक्सीइथेनॉल हे क्रीम टिकावं म्हणून घालतात, ते बहुतेकांना चालतं. आणि मग शेवटी पर्फ्यूम, लिनॅलूल, लिमोनीन. इथे गाडी अडली. हे तिन्ही सुगंधाचे घटक आहेत. इतकं चांगलं क्रीम, पण या शेपटामुळे मी ते बाजूला ठेवीन.

सुगंधाच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. बाटलीवर अनसेंटेड लिहिलेलं असलं, तरी मूळचा वास दाबण्यासाठी त्यात सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. तुम्हाला हवं आहे ते फ्रॅग्रन्स-फ्री. तसं लिहिलेलं असलं तरी यादी वाचाच.

अमेरिकेतल्या नॅशनल रोझेशिया सोसायटीनं रुग्णांना विचारलं होतं, की कोणत्या घटकांनी त्रास वाढतो. 66 टक्के लोकांनी अल्कोहोलचं नाव घेतलं. विच हेझल आणि सुगंध यांची नावं प्रत्येकी 30 टक्क्यांनी, मेन्थॉलचं 21, पेपरमिंटचं 14 आणि निलगिरी तेलाचं 13 टक्क्यांनी घेतलं. यातले विच हेझल, पेपरमिंट, निलगिरी हे सगळे वनस्पतींपासून मिळणारे पदार्थ आहेत. तेव्हा नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे, असं धरून चालू नका. मेन्थॉल आणि कापूर यांच्यापासून तर विशेष सावध राहा. लावल्या लावल्या गार वाटतं, बरं वाटतं, आणि थोड्या वेळानं चेहरा पेटतो.

मग लावायचं काय? सुरुवातीला फक्त तीन वस्तू पुरेत. धुण्यासाठी काहीतरी, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बाकी टोनर, स्क्रब, पील, मास्क, सीरम सगळं कपाटात ठेवून द्या. कित्येकांचा निम्मा त्रास एवढ्यानंच कमी होताना मी पाहिला आहे.

साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, नऊ-दहाच्या घरात असतो आणि त्वचेचा साधारण पाचच्या आसपास. म्हणून साबणाऐवजी फेस न होणारं किंवा अगदी कमी फेस होणारं, साबणविरहित क्लेन्झर घ्या. यादीत सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर नको. धुण्याची रीतही वस्तूइतकीच महत्त्वाची. पाणी कोमट, खरं तर कोमटाहूनही थंडाकडे झुकलेलं. क्लेन्झर बोटांच्या टोकांनी, हलक्या हातानं, गोल गोल फिरवा. लूफा नको, ब्रश नको, खरखरीत कापड नको. भरपूर पाण्यानं धुवा आणि मऊ सुती पंचा नुसता टेकवून पाणी टिपून घ्या. पुसू नका. औषधी क्रीम लावायचं असेल तर चेहरा पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबा, ओल्या त्वचेवर ते जास्त चुरचुरतं.

मॉइश्चरायझरमध्ये सेरामाइड, ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड, डायमेथिकोन यांपैकी काही असावं. त्वचा फार कोरडी असेल तर पेट्रोलॅटमही चालतं. नियासिनामाइड चांगला घटक आहे, वरचा थर मजबूत करतो, पण त्याची दहा टक्क्यांची सीरम काहींच्या चेहऱ्यावर लाली आणतात. मॉइश्चरायझरमध्ये तो कमी प्रमाणात असतो, तेवढा पुरे. रेटिनॉल, ग्लायकोलिक ॲसिड आणि व्हिटॅमिन सी यांचं सध्या नावच काढू नका. त्वचा शांत झाल्यावर, डॉक्टरांशी बोलून, वाटल्यास बघू.

सनस्क्रीनवर मात्र मी तडजोड करत नाही. नॅशनल रोझेशिया सोसायटीनंच 1,066 रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्रास वाढवणाऱ्या गोष्टींत ऊन पहिलं आलं, 81 टक्के. पण अनेक जण म्हणतात, डॉक्टर, सनस्क्रीननंच आग होते. बरोबर आहे त्यांचं. काही रासायनिक फिल्टर चुरचुरतात, डोळ्यांतही झोंबतात. अशा वेळी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं मिनरल सनस्क्रीन शोधा. त्यात डायमेथिकोन असेल तर आणखी बरं. सावळ्या चेहऱ्यावर ते पांढरट दिसतं ही तक्रारही खरी. त्यावर उपाय म्हणजे रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन. त्यातलं आयर्न ऑक्साइड पांढरेपणा झाकतं, लाली झाकतं आणि दृश्य प्रकाशामुळे पडणारे डागही रोखायला मदत करतं. एसपीएफ 30 पुरेसा आहे. 30 चं सनस्क्रीन सुमारे 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी अतिनील किरणं अडवतं आणि 50 चं सुमारे 98 टक्के. त्या एका टक्क्यासाठी झोंबणारं सनस्क्रीन सोसू नका. जे तुम्ही रोज, भरपूर लावू शकाल, ते तुमचं. ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरणं अडवणारं, एवढं मात्र बघून घ्या.

मेकअप वर्ज्य नाही. लाली झाकायची तर फाउंडेशनखाली हिरवट छटेचा प्रायमर पातळ लावा. वॉटरप्रूफ टाळा, कारण तो काढताना घासावं लागतं. ब्रश नेहमी स्वच्छ ठेवा.

नवीन काहीही आणलं की थेट गालावर लावू नका. मानेच्या बाजूला, जबड्याच्या खाली थोडंसं लावा आणि तीन दिवस बघा. खाज, आग, पुरळ काही नाही, तर मग चेहऱ्यावर. आणि एका वेळी एकच नवी वस्तू. दोन आठवडे तिला द्या, मगच दुसरी. दोन नव्या वस्तू एकदम सुरू केल्या आणि चेहरा भडकला, तर दोषी कोण हे शोधायचं कसं?

औषधांचं गणित थोडं वेगळं आहे, ते सांगायलाच हवं. डॉक्टर तुम्हाला 15 टक्के ॲझेलेइक ॲसिडचं जेल देतील, 0.75 टक्के मेट्रोनिडाझोल देतील, किंवा 1 टक्का आयव्हरमेक्टिनचं क्रीम देतील. ॲझेलेइक ॲसिड पहिले काही आठवडे थोडं चुरचुरतं आणि बहुधा हळूहळू सवय होते. आधी मॉइश्चरायझर, वर औषध असंही करता येतं. चुरचुर फार झाली तर औषध परस्पर सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. गुण यायलाही वेळ लागतो, आठ ते बारा आठवडे धरून चाला.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. स्टेरॉइडची क्रीम. कुणीतरी सांगतं, हे लाव, दोन दिवसांत चेहरा साफ होतो. होतोही. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, लाली जाते, रंग उजळल्यासारखा दिसतो, आणि माणूस हरखून जातो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, शिरा दिसायला लागतात, आणि क्रीम थांबवलं की चेहरा आधीपेक्षा दुप्पट पेटतो. मग परत तेच क्रीम. कधीकधी मुळात रोझेशिया नसलेल्या माणसाला अशा क्रीमनं तसाच आजार जडतो. तेव्हा ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव आहे का ते आजच बघा. रंग उजळवणाऱ्या मिश्र क्रीममध्येही ही नावं सापडतात. सापडलं, आणि तुम्ही ते बरेच दिवस लावत असाल, तर एकट्यानं झगडू नका. ते कसं सोडवायचं, मधल्या काळात चेहरा भडकला तर काय द्यायचं, हे डॉक्टरांना माहीत असतं. तुम्हाला कुणी रागावणार नाही.

डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, पापण्यांच्या कडा लाल होऊन सुजत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. रोझेशिया डोळ्यांतही असू शकतो, आणि बुबुळाला इजा होण्याआधी त्यावर उपचार व्हायला हवेत.

डॉक्टरांकडे जाताना चेहऱ्याला लागणारी प्रत्येक वस्तू एका पिशवीत घालून न्या. साबण, शेव्हिंग क्रीम, आफ्टरशेव्ह, रात्रीचं क्रीम, मेकअप काढायचं पाणी, सगळं. केसांचं तेल आणि शाम्पूसुद्धा, कारण ते कपाळावर उतरतात. नावं सांगून भागत नाही, मागची यादी वाचावी लागते, आणि ती आम्ही तुमच्यासमोर बसून वाचू.

नमस्कार.