क्रिएटिनिन 0.8 आहे म्हणून निर्धास्त? मणक्याचा मार आणि ‘करंट’च्या गोळ्या

नमस्कार सोलापूरकर! कमेंटमध्ये पुन्हा तेच: “मज्जारज्जूला मार लागलाय, नसांत करंट सोडणारी गोळी सुरू करू का?”

करंटचं पटकन सांगतो. नसेच्या भिंतीत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमची बारीक दारं असतात, त्यांच्या उघडझापेवर निरोप पुढे सरकतो. यंत्रमागाची वायर सोलली की करंट गळतो ना? तसंच नसेवरचं मायलिन, म्हणजे वेष्टण, गेलं की पोटॅशियमची दारं उघडी पडतात. फॅम्प्रिडीन हे औषध ती बुजवतं. पण वायर तुटलीच असेल तर टेप गुंडाळून माग चालत नाही. शिवाय 2010 ची अमेरिकेतली मंजुरी मल्टिपल स्क्लेरोसिससाठी (मायलिन खराब करणारा आजार) आहे, मणक्याच्या मारासाठी नाही. रिलुझोल सोडियमची दारं अडवतं. मोठ्या चाचणीत ते मार लागल्यापासून 12 तासांच्या आत सुरू केलं, तरी मुख्य निकष गाठला नाही. सहा महिन्यांनी त्याबद्दल काय विचारता!

राहिलं प्रीगाबॅलिन, कॅल्शियमच्या दारावरचं. सुरुवात बहुधा 75 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आग आग, टोचणी कमी होते. पायात ताकद येत नाही.

आता खरी मेख. रिपोर्टचे फोटो येतात: “क्रिएटिनिन 0.8, किडनी झकास!” अहो, क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, आणि ते स्नायूंतून येतं. वर्षभर अंथरुणावर मांड्या काडीसारख्या झाल्या, मग ते तयारच कमी होणार. घरात कचराच निघत नसेल तर डबा रिकामा दिसतो. घंटागाडी रोज येते असं त्यावरून ठरत नाही.

त्यात मज्जारज्जूच्या मारामुळे लघवी तुंबून किडनीवर उलटा दाब येतो. म्हणजे ज्याची किडनी बिघडण्याची भीती जास्त, त्याचाच रिपोर्ट गोड दिसतो.

आणि प्रीगाबॅलिन, फॅम्प्रिडीन ही दोन्ही औषधं बाहेर पडतात किडनीतूनच. प्रीगाबॅलिन साचलं की गुंगी, तोल जाणं. फॅम्प्रिडीन साचलं की थेट फिट. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते तो आकडा) 60 च्या खाली गेला की प्रीगाबॅलिनचा डोस कमी करतात, 50 किंवा खाली असेल तर फॅम्प्रिडीन देतच नाहीत. आणि तो क्लिअरन्सही याच क्रिएटिनिनवरून काढलेला असतो! म्हणून डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या किडनीच्या रक्ततपासणीबद्दल विचारा, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

प्रीगाबॅलिनने दोन्ही पाय सुजू शकतात, उगाच आपल्या उन्हावर ढकलू नका. एकच पाय सुजला तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्रीगाबॅलिनची गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, किमान आठवडाभर उतरवत आणायची. आणि फॅम्प्रिडीनची गोळी अर्धी करू नका. ती 12 तास हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली असते, तोडली की सगळा डोस एकदम अंगात जातो.