सात महिने गारठून जगणारा जीव

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते जेमतेम ४५ ग्रॅम वजनाच्या एका जीवाबद्दल. ऑस्ट्रेलियाच्या डोंगरांतला हा पिग्मी पॉसम. कांगारूसारखी मादीच्या पोटाला पिशवी, पण आकार आपल्या घरातल्या उंदराएवढा. बर्फ पडू लागला की दगडांच्या कपारीत अंगाचं मुटकुळं करून पडतो, तो ७ महिन्यांपर्यंत. शरीराचं तापमान उतरतं २ अंशांवर. पुन्हा सांगतो, २ अंश सेल्सिअस! तुमचं-माझं असतं ३७.

ही साधी झोप नव्हे बरं का. झोपेत आपलं अंग गरमच असतं. इथं हृदयाचे ठोके, श्वास, सगळंच मंदावतं आणि अंगात साठवलेली चरबी पुरवून पुरवून वापरली जाते. गंमत म्हणजे, अशाच गारठून पडणाऱ्या खारी मधूनमधून अंग तापवून घेतात आणि त्या उबदार वेळात चक्क झोप काढतात. हे अंग तापवणंच सगळ्यांत महाग पडतं, साठ्यातली बरीचशी चरबी त्यातच संपते.

पॉसमला तारतो तो बर्फ. वर जाड वाकळ पसरावी तसा तो पडून राहतो आणि खाली कपारीत तापमान शून्याच्या आसपास टिकतं. बर्फ कमी पडला तर थंडी थेट आत शिरते आणि चरबी लवकर सरते.

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट ब्रूम या संशोधकाला गुहेतल्या जीवाश्मांत या प्राण्याची हाडं सापडली. त्यानं नाव दिलं आणि हा प्राणी नामशेष म्हणून पुस्तकात गेला. मग १९६६ साल उजाडलं. व्हिक्टोरिया राज्यात माउंट हॉथम नावाचा डोंगर आहे. तिथं बर्फावर घसरायला येणाऱ्यांच्या एका लॉजमध्ये एक इवलासा प्राणी हाती लागला. तोच हा! जीवाश्म म्हणून माहीत असलेला जीव, मिशा हलवत समोर जिवंत.

गोष्ट इथं संपत नाही. याच्या माद्या वर, दगडांच्या राशीत राहतात. तिथं बोगाँग पतंगांचा खाऊ भरपूर. नर वसंतात वर येतात आणि जोडी जमल्यावर खाली निघून जातात. पण हॉथमवर मधेच रस्ता झाला, इमारती झाल्या. नरांची वाट अडली. ते वरच रेंगाळले, माद्यांच्या तोंडचा घास खाऊ लागले आणि हिवाळ्यात माद्या जगेनात. तेव्हा १९८० च्या दशकात अभ्यासकांनी काय करवून घेतलं? रस्त्याखालून बोगदा काढला आणि त्यात डोंगरात असतात तसेच दगड भरले. नर त्यातून खाली जाऊ लागले आणि हिवाळा पार करणाऱ्या माद्या वाढल्या. एवढ्याशा जीवासाठी रस्त्याखालून वाट!

आपल्याकडं दाजीपूर-राधानगरीकडचा गवा रस्त्यावर दिसला की आपण म्हणतो, गवा घुसला. अहो, वाट त्याची होती. घाटातला रस्ता रुंद करायचा तर जनावरांची वाट आराखड्यातच हवी, नंतर नव्हे, असं माझं ठाम मत आहे. आणि विषय निघालाच आहे तर तोडणी झाल्यावर उसाचं पाचट पेटवणंही थांबवा. सरीत कुजू द्या. ओल टिकते, जमिनीतला जीव टिकतो.

जमिनीतल्या जीवावरून आठवलं, उन्हाळ्यात आपले मोठे बेडूकही मातीत असेच निपचित पडलेले असतात. फरक एवढाच की बेडकाचं अंग मातीइतकंच गार किंवा गरम राहतं. पॉसम मात्र स्वतःच्या चरबीवर अंग पुन्हा तापवतो. मिरगाचा पाऊस झाला की तेच बेडूक वर येतात, नर तर हळदीसारखे पिवळेधमक. तेव्हा वैशाखात विहिरीचा गाळ काढताना, बांध कोरताना एखादा निपचित बेडूक फावड्याला लागला, तर मेला म्हणून उन्हात फेकू नका. सावलीतल्या ओलसर मातीत अलगद ठेवा, वर थोडी माती लोटा आणि कामाला लागा.

नमस्कार.